गव्हातले सेलेनियम आणि आपले ताट

(टिटवाळा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी विज्ञानाचा शिक्षक नाही. बी.ए., बी.एड्. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. तेव्हा रसायनशास्त्रातल्या एका मूलद्रव्यावर बोलण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न आपल्या मनात येईल. अधिकार नाहीच. पण माझ्या वर्गात एक प्रसंग घडला, त्या वेळी मला उत्तर देता आले नाही, आणि ते उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रसंग जानेवारी 2025 मधला. मधल्या सुट्टीनंतर वर्गात गेलो, तर मागच्या बाकांवर हसाहशी चालली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस मुठीमुठीने गळून तीन-चार दिवसांत टक्कल पडत असल्याची बातमी त्या आठवड्यात सगळीकडे गाजत होती. आदल्या रात्री कोणीतरी घरच्या मोबाइलवर चित्रफीत पाहिली होती आणि वर्गात त्याची नक्कल चालली होती. इथवर ठीक होते. पण त्याच वर्गात एक मुलगी होती. विषमज्वरातून उठल्यापासून तिचे केस विरळ झाले होते. मुलांनी तिला त्या दिवशी ‘शेगाव’ असे नाव ठेवले. मी ऐकले, पण ऐकले न ऐकलेसे करून फळ्याकडे वळलो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही आली नाही. चौथ्या दिवशी तिचे अब्बा आले आणि अत्यंत नम्रपणे त्यांनी मला विचारले, “सर, तो रोग आहे तरी कशाचा? लागट आहे का?” मी म्हटले, “पाण्याचा असावा. नाहीतर एखाद्या शाम्पूचा.” ते माझ्यावर विश्वास ठेवून निघून गेले. बंधू-भगिनींनो, शिक्षकाने अंदाज सांगावा आणि पालकाने तो ज्ञान म्हणून घरी न्यावा, यासारखी लाजेची गोष्ट नाही. आजचे हे बोलणे म्हणजे त्या दिवशीच्या उत्तराची दुरुस्ती आहे असे समजा.

शेगाव आपल्याला तसे परके नाही. आपल्या टिटवाळा स्थानकातून न थांबता धडधडत जाणाऱ्या नागपूरकडच्या गाड्या कसारा घाट चढून, भुसावळ मागे टाकून शेगावला पोचतात. रात्री इथून गेलेली गाडी सकाळी तिथे असते. त्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांतून डिसेंबर 2024 च्या अखेरीस तक्रारी येऊ लागल्या. आधी डोक्याला खाज, कोणाला डोकेदुखी, ताप, कोणाला उलट्या-जुलाब. मग कंगवा फिरवला की केसांचा झुबका हातात. बाधितांची संख्या पुढे 18 गावांत 279 पर्यंत गेली. त्यांत लहान मुले होती, म्हातारी माणसे होती आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीही होत्या. कित्येकींनी लाजेने डोक्याचा गोटा केला आणि घराबाहेर पडणे सोडले. कोणाचे शिक्षण खोळंबले, कोणाचे ठरू घातलेले लग्न अडले.

प्रथम संशय गेला तो पाण्यावर. तो जाणे स्वाभाविक होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला तो भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही इतके मचूळ. तपासणीत पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. पण खारे पाणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजोबांचे केस शाबूत राहिले आणि नातवाचे आठवड्यात गेले, हे पाण्याने कसे समजावे? मग बुरशीचा संशय आला, शाम्पूचा आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आय.सी.एम.आर.ची, पथके गावांत आली. रक्ताचे, केसांचे नमुने घेतले गेले.

याच सुमारास महाडहून एक डॉक्टर या प्रश्नाच्या मागे लागले. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, पटापट दगावत असत. त्या विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देऊन ज्यांनी असंख्य जीव वाचवले तेच हे. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर मिळवून वाचावे. गरिबीत, कष्ट उपसून शिकलेल्या माणसाची ती हकीकत आहे. तर या डॉक्टरांनी रक्त, लघवी आणि केस तपासायला घेतलेच, पण त्याबरोबर गावकऱ्यांच्या घरातला गहूही घेतला. तो गहू तपासला गेला कुठे? आपल्या ठाण्यातल्याच एका प्रयोगशाळेत.

निष्कर्ष फेब्रुवारी 2025 मध्ये बाहेर आले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम नावाचे द्रव्य 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेले आढळले. उलट जस्ताचे प्रमाण मात्र घटलेले होते. गावातल्या रेशन दुकानातून मिळालेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ते 1.9 मिलिग्रॅमच्या वर जायला नको. गहू धुऊन पुन्हा तपासला तेव्हा आकडा आला 13.61. म्हणजे ही वरची धूळ नव्हती, फवारलेले औषधही नव्हते. ते दाण्याच्या आतच होते. आपल्या अम्मी-आजी गहू निवडतात, धुतात, उन्हात वाळवतात. त्या कष्टांचा इथे काहीच उपयोग नव्हता.

आता हे सेलेनियम म्हणजे काय?

1817 साली स्वीडन देशात बर्झेलियस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या तांबूस गाळात एक नवे मूलद्रव्य सापडले. आधी त्याला वाटले हे टेल्युरियम असावे. टेल्युरियम हे नाव पृथ्वीवरून पडलेले. मग ते निराळेच द्रव्य असल्याचे कळले, तेव्हा त्याने पृथ्वीच्या सोबतीला चंद्र घेतला. ग्रीक भाषेत चंद्राला सेलेनी म्हणतात, त्यावरून सेलेनियम. चांद म्हटल्यावर आपल्याला ईदचा चांद आठवतो. या चांदाचीही गोष्ट तशीच आहे. अगदी बारीक कोर असेल तेव्हाच त्याचे कौतुक.

कोर किती बारीक, ते हिशेबाने पाहू. मुलांनो, वहीत मांडा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 40 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते, असे आपल्याकडचे आय.सी.एम.आर.चे प्रमाण आहे. अमेरिकेत 55 धरतात. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यांतला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. दहा लाखांना 40 ने भागा. उत्तर येते 25,000 दिवस. म्हणजे चिमूटभर, एक ग्रॅम सेलेनियम एका माणसाला 68 वर्षे पुरेल! जन्माला आल्यापासून सेवानिवृत्त होऊन वर दहा वर्षे.

पण तेवढे तरी लागतेच. ते नसेल तर शरीराचे अडते. आपल्या पेशींत ज्वलन चालते, त्यातून काही जहाल पदार्थ तयार होतात, त्यांना निष्प्रभ करणाऱ्या एका विकरात सेलेनियम असते. हे 1973 साली सिद्ध झाले. गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीचे काम सुरळीत चालायलाही ते लागते. आयोडीनचे मीठ आपण सर्वजण खातो, त्या आयोडीनला कामाला लावणाऱ्यांत सेलेनियमचा हात असतो.

आणि जास्त झाले तर? अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला 400 मायक्रोग्रॅम ठरवली. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2023 साली ती 255 वर आणली. म्हणजे गरज 40 ची आणि धोक्याची रेघ 255 ते 400 वर. गरज आणि धोका यांच्यात इतके थोडे अंतर असलेली पोषणद्रव्ये फार नाहीत.

आता शेगावचा गहू घ्या. समजा, एखाद्याच्या वाट्याला रेशनचा गहू महिन्याला फक्त 2 किलो आला. दिवसाला झाले 67 ग्रॅम. दोन-तीन पोळ्या. 14.52 च्या हिशेबाने त्यातून पोटात गेले सुमारे 970 मायक्रोग्रॅम. चारशेच्या दुपटीहून अधिक! आणि कष्टकरी माणूस दोन पोळ्यांवर थोडाच थांबतो? दिवसाला 200 ग्रॅम कणीक खाणाऱ्याच्या पोटात 2,900 मायक्रोग्रॅम गेले. गरजेच्या सत्तर पट. पाचवी-सहावीच्या गणितात बसणारा हा हिशेब आहे. फक्त तो करण्यासाठी कोणीतरी गहू तपासावा लागतो.

केसच का गेले, हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी विचारला. त्याचे उत्तर गंधकात आहे. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात त्यात गंधक भरपूर असते. केस जळला की जो वास येतो तो त्याचाच. गंधकाचे धागे एकमेकांना बांधून धरतात म्हणून केस चिवट. सेलेनियम हा गंधकाचा जणू जुळा भाऊ. दिसायला-वागायला इतका सारखा की शरीराची फसगत होते आणि गंधकाच्या जागी ते सेलेनियम बसवते. पण गाठ तितकी पक्की बसत नाही. मग केस मुळाशी तुटतो, नखाला आडव्या रेघा पडतात, नख सुटते. एप्रिल 2025 मध्ये याच शेगाव तालुक्यातल्या चार गावांतून 29 जणांची नखे विद्रूप होऊन गळू लागल्याची बातमी आली. तेव्हा ज्यांनी आधीची केसगळती पाहिली होती त्यांना ती बातमी कळायला वेळ लागला नाही.

रोपाचीही अशीच फसगत होते. मुळे जमिनीतला गंधक ज्या वाटेने आत घेतात त्याच वाटेने सेलेनियमही आत शिरते. गहू आणि मोहरी ते चांगलेच शोषून घेतात. रोपाला त्याचा त्रास फारसा दिसत नाही. ओंबी भरते, दाणा टपोरा येतो, भावही चांगला मिळतो.

पण शेतात ते येते कुठून? इथे आपल्याला महाराष्ट्र सोडून पंजाबात जावे लागेल, कारण शेगावच्या रेशनवरचा हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, असे डॉ. बावस्करांचे म्हणणे आहे. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर हे जिल्हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आहेत. नवांशहरला हल्ली शहीद भगतसिंग नगर म्हणतात. टेकड्यांवरून पावसाळ्यात ओढे येतात आणि आपल्याबरोबर सेलेनियम असलेला गाळ आणून शेतांवर पसरवतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ के. एस. धिल्लों आणि एस. के. धिल्लों यांनी 1980 च्या दशकापासून या पट्ट्याचा अभ्यास केला. सुमारे एक हजार हेक्टर जमीन त्यांना अशी आढळली. तिथली जनावरे आधी बोलली. म्हशींचे खूर फाटत, शिंगे गळून पडत, अंगावरचे केस जात. त्या पट्ट्यात भातही लावतात, आणि भाताला विहिरीचे पाणी सारखे लागते. जमिनीखालच्या पाण्यातही सेलेनियम असल्याने जितके सिंचन जास्त तितकी त्याची भर जास्त. हरित क्रांतीने आपली भूक भागवली हे खरेच. पण पाण्याच्या प्रत्येक पाळीबरोबर शेतात काय येते हे पाहायला त्या घाईत फुरसत कोणाला होती?

या शास्त्रज्ञांनी उपायही शोधला. शेतात जिप्सम टाकायचे. जिप्सममध्ये गंधक असतो. मुळांच्या दारात गंधकाची गर्दी झाली की सेलेनियमला आत शिरायला वाव कमी मिळतो. मघाची जुळ्या भावांची गोष्ट आठवा, इथे ती शेतकऱ्याच्या बाजूने उलटवली आहे. मला हा उपाय फार आवडला. शिवाय जिप्सम काही महाग नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अख्ख्या पंजाबचा गहू असा आहे असे कोणीही समजू नये. काही गावांतल्या काही शेतांची ही गोष्ट आहे. तो गहू नेमका कोणत्या शेतातला होता यावर वाद होऊ शकतो, आणि त्याचा निवाडा करणारा मी कोण? मला यात खटकली ती वेगळीच बाब. ज्या शेतकऱ्याने तो पिकवला त्याच्या घरात केवळ तोच गहू जातो असे नाही. बाजारातल्या सर्वसाधारण गव्हात दहा ठिकाणचा माल मिसळतो आणि दोष पातळ होतो. पण एका भागातल्या गोण्या जशाच्या तशा वाघिणीत भरल्या, तशाच गोदामात उतरल्या आणि तशाच एका तालुक्याच्या रेशन दुकानांत पोचल्या, तर तो दोष एकाच गावाच्या सगळ्या ताटांत एकवटतो. पैसेवाला माणूस गहू आवडला नाही तर दुकान बदलतो. शिधापत्रिकेवर जगणाऱ्याला दुकानही एक आणि गोणीही एक.

वऱ्हाडातले जुने अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारी स्वतःच्या शेतात पिकायची, जात्यावर दळली जायची. ती मागे पडली आणि हजार मैलांवरच्या मातीचे दाणे ताटात आले. आपल्याकडेही काय वेगळे झाले? काळू नदीच्या काठाला भात, घरोघर तांदळाची भाकरी, सोबत सुकट नाहीतर बोंबील. आता मुलांच्या डब्यात रोज चपाती. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. मीही खातो. पण ती कुठल्या मातीची हे विचारण्याची सवय आपली राहिलेली नाही.

मातीची सत्ता किती असते याचे सर्वांत मोठे उदाहरण चीनमध्ये मिळते. एकाच देशात दोन्ही टोके! ईशान्येकडच्या खशान भागात 1935 साली हृदयाचे स्नायू निकामी करणाऱ्या रोगाची साथ आली. पुढे तशीच रोगराई देशाच्या एका लांबलचक पट्ट्यात आढळली. बळी जास्त करून लहान मुले आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायका. त्या पट्ट्यातल्या मातीत सेलेनियम जवळजवळ नव्हतेच आणि लोक आपल्याच शेतात पिकलेले खात. 1974 साली सिच्वान प्रांतात डॉक्टरांनी मुलांच्या एका गटाला आठवड्यातून एकदा सेलेनियमची गोळी दिली आणि दुसऱ्या गटाला दिली नाही. गोळी घेतलेल्या 4,510 मुलांत त्या वर्षी 10 जणांना रोग झाला. न घेतलेल्या 3,985 मुलांत 54 जणांना. पुढे सरसकट सर्वांना गोळ्या देण्यात आल्या.

आणि त्याच चीनमध्ये, हुबै प्रांतातल्या अन्शी भागात, 1961 ते 1964 या काळात माणसांचे केस आणि नखे गळून पडली. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम फार. झिजून ते मातीत उतरले होते. एरवी लोक भात खात आणि निभावून जाई. पण दुष्काळाने भात बुडाला, लोकांवर मका आणि भाजीपाला खाऊन राहण्याची पाळी आली, आणि त्या पिकांनी सेलेनियम ओढून घेतलेले होते. सर्वाधिक पीडित अशा पाच गावांत जवळजवळ निम्म्या माणसांना बाधा झाली. पुन्हा पाहा, विष मातीत आधीपासून होतेच. ताटातला दुसरा पदार्थ गेला तेव्हा ते माणसाच्या अंगी लागले.

फिनलंडने तर 1984 पासून राष्ट्रीय धोरण म्हणून खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली, कारण त्यांच्या जमिनीत ते कमी होते. ठरावीक माप, दरवर्षी तपासणी, गरजेप्रमाणे मापात बदल. ज्या द्रव्याने शेगावात मुलींच्या डोक्यावर पदर आणला तेच द्रव्य तिकडे सरकार मोजून शेतात टाकते. तिथे आणि इथे फरक मोजण्याचा आहे.

आता कोणी सुजाण पालक म्हणेल, “सर, मग आम्ही सेलेनियमच्या गोळ्या आणाव्यात का?” मुळीच नाही. औषधांच्या दुकानांत आणि जाहिरातींत ‘केसांसाठी, त्वचेसाठी’ म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्यांत पुष्कळदा सेलेनियम असते. 2008 साली अमेरिकेत एका पोषक पेयाच्या निर्मितीत चूक होऊन त्यात ठरल्यापेक्षा 200 पट सेलेनियम पडले. पिणाऱ्या 201 लोकांना बाधा झाली आणि पोषणासाठी घेतलेल्या वस्तूने अनेकांचे केस गेले. आपल्या घरात मासळी, अंडी, मटण, डाळी येत असतील तर गोळीची गरज आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. केस गळण्याची कारणे दहा असतात. ताप, रक्त कमी असणे, थायरॉइड, बाळंतपण. आपल्या मुलीचे केस गळाले की सेलेनियमच, असा अर्थ माझ्या बोलण्यातून काढाल तर शाम्पूवाल्या माझ्यात आणि तुमच्यात फरक राहणार नाही.

आणि ते लागट नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो, कारण त्या गावांतल्या लोकांना रोगापेक्षा लोकांच्या दूर सरण्याने जास्त छळले. अन्नातून आलेली बाधा शेजारच्या बाकावर उडी मारत नाही. ज्या घरांनी तो गहू खायचा बंद केला त्यांतल्या काहींच्या डोक्यावर पाच-सहा आठवड्यांत पुन्हा कोवळे केस दिसू लागले, हेही डॉ. बावस्करांनी नोंदवले आहे.

रेशनचा गहू खावा की टाकावा, हा प्रश्न मला एका बहिणीने आधीच विचारून ठेवला आहे. बहिणी, टाकू नकोस. कोट्यवधी घरे त्यावर उभी आहेत आणि तो सरकारची मेहेरबानी म्हणून नव्हे, 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्क म्हणून मिळतो. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याबद्दल विचारण्याचाही हक्क असतो. दुकानदाराच्या गोणीवर खरेदीचा हंगाम आणि खरेदी करणाऱ्या संस्थेचे नाव छापलेले असते. ते वाचावे. रिकाम्या बारदानावरही ते राहते. एका गल्लीत चार घरांना एकाच वेळी एकसारखा त्रास झाला तर पाणी, शाम्पू, नजर यांच्याबरोबर पिठाचा डबाही तपासायला द्यावा, आणि मूठभर गहू तारीख घालून बरणीत ठेवावा. संपलेल्या गव्हाची तपासणी होत नाही. आणि घरात एकाच धान्यावर भिस्त ठेवू नये. आठवड्यातून दोन दिवस तांदळाची भाकरी, एक दिवस नाचणी, कधी ज्वारी. आपल्या दीनात अन्न नुसते हलाल असून भागत नाही, ते तय्यब म्हणजे स्वच्छ, उत्तमही असावे लागते. हलाल-हरामची चौकशी आपण कसायाकडे न लाजता करतो. तशीच चौकशी रेशन दुकानात करायला संकोच कशाचा?

त्या मुलीच्या अब्बांकडे मी नंतर गेलो. माझे आधीचे उत्तर चुकीचे होते असे सांगितले आणि शेगावची हकीकत त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि म्हणाले, “हे वर्गात सांगा.” वर्गात सांगितले. ती सोमवारी आली. मागच्या बाकांवरच्या मुलांना मी शिक्षा केली नाही, त्यांच्याकडून काम घेतले. प्रत्येकाच्या घरी कोणते धान्य येते याचा तक्ता त्यांनी वर्गासाठी तयार करायचा. रकाने चार : धान्य, दुकान, गोणीवरचा मजकूर आणि शेत कुठले.

पहिले दोन रकाने एका दिवसात भरले. तिसऱ्यासाठी मुले रेशन दुकानात जाऊन दुकानदाराची बोलणी खाऊन आली, पण भरून आली. चौथा रकाना जवळजवळ सगळा कोरा आहे. त्यात फक्त तीन नोंदी आहेत, आणि तिन्ही तांदळाच्या. ज्यांच्या घरचे भात काळूच्या काठावर अजून लावले जाते, त्या मुलांनी शेताचे नाव लिहिले आहे. तो तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावलेला आहे. आज घरी जाण्यापूर्वी आपण तो पाहावा आणि आपल्या मुलाच्या ओळीत काही भरता आले तर भरावे. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.